होस्टिंग बदलायचंय, अकरा वर्षांचा ब्लॉग आहे, काहीही हरवायला नकोय

मृगनक्षत्र (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

माझा आकाशनिरीक्षणाचा ब्लॉग आहे, वर्डप्रेसवर, स्वतःच्या डोमेनवर. ६१२ लेख आणि प्रतिक्रिया चार हजारांच्या वर. होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा, पहिल्यापासून एकाच कंपनीचं, शेअर्ड, म्हणजे एकच सर्व्हर अनेक साइटींत वाटलेला. स्वस्त पडत होतं म्हणून घेतलं, दरवर्षी रिन्यूअलला थोडं थोडं वाढत गेलं आणि यंदाचा आकडा पहिल्या वर्षाच्या चौपट आलाय. एक वेळ तेही दिले असते, पण गेले सहा महिने डॅशबोर्ड उघडायलाच आठ-दहा सेकंद लागतात, मागच्या महिन्यात साइट सलग दोन दिवस बंद होती आणि सपोर्टकडून चारही वेळा एकच उत्तर, तुमचा ट्रॅफिक जास्त आहे, वरचा प्लॅन घ्या. रोजचे दीड-दोनशे वाचक म्हणजे जास्त ट्रॅफिक?

मला खरी काळजी प्रतिक्रियांची आहे. २०१९ च्या शेवटी काक्षीचा तारा, म्हणजे बीटलजूस, एकदम मंद व्हायला लागला तेव्हा मी एक लेख टाकून वाचकांना म्हटलं होतं की रोज रात्री बघा आणि तेजाची प्रत किती वाटते ते खाली लिहा. एरवी ०.५ च्या आसपास असणारा तारा (आकडा जितका मोठा तितका तारा मंद) फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ पर्यंत उतरला, आणि ती सगळी उतरण त्या ८३ प्रतिक्रियांमध्ये तारीखवार नोंदलेली आहे. लेख मी परत लिहीन, त्या नोंदी परत कुठून आणू?

तर विचारायचंय ते असं. नवीन होस्टिंग कसलं घेऊ, शेअर्डच की व्हीपीएस, म्हणजे आपणच सांभाळायचा वेगळा आभासी सर्व्हर? मराठी अक्षरं आणि प्रतिक्रिया जशाच्या तशा कशा न्यायच्या? आणि डोमेनही त्याच कंपनीकडून घेतलंय, तेही आत्ताच हलवू का? रिन्यूअलला ४० दिवस आहेत.

१. खटपट्या

बाकी चर्चा होत राहील, तू आधी आज रात्री बॅकअप घे. डेटाबेसचा वेगळा, फाइलींचा वेगळा, आणि दोन्ही स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरव. त्यांच्याच सर्व्हरवर झिप करून ठेवलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे. आणि नवीन जागी सगळं नीट चालतंय हे बघितल्याशिवाय जुनं खातं बंद करायचं नाही, सोडतोय म्हणून कळवायचंही नाही.

२. गवतफूल

तुमचा ब्लॉग दोन दिवस दिसत नव्हता तेव्हा मला वाटलं ग्रहण लागलं :)

३. मृगनक्षत्र

खग्रास होतं हो, दोन दिवसांचं :) खटपट्या, घेतो आज.

४. पायवाट

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं.

डोमेन आणि होस्टिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. होस्टिंग आज एक, उद्या दुसरं, लेख कुठे ठेवलेत याच्याशी वाचकाला देणंघेणं नसतं. डोमेन गेलं तर मात्र अकरा वर्षांत इतरांनी तुमच्याकडे दिलेली प्रत्येक लिंक गेली. त्यामुळे आधी डोमेनच्या खात्यात जाऊन मालक म्हणून कोणाचं नाव आणि कुठला ईमेल आहे ते बघा. माझ्या एका मित्राचा ब्लॉग ज्याने बनवून दिला त्याने डोमेन स्वतःच्याच नावावर घेतलं होतं. सहा वर्षांनी तो माणूस फोन उचलेना, रिन्यूअलचे ईमेल त्यालाच जात होते, मित्राला कळलं तेव्हा डोमेन सुटून दुसऱ्याने घेतलेलं होतं. डॉट कॉमचं डोमेन संपल्यावर रजिस्ट्रार (डोमेन विकणारी कंपनी) देईल ती सवलतीची मुदत, मग ३० दिवस जास्तीचे पैसे भरून सोडवून घेण्याचे, मग ५ दिवस, आणि मग ते कोणालाही मिळतं. तुमचा संपर्काचा ईमेल त्याच डोमेनवरचा असेल तर तोही आजच बदला, कारण डोमेन बंद पडलं की ते सोडवण्याचा ईमेलही तुम्हाला मिळणार नाही.

आत्ताच हलवावं का? माझं मत, नको. होस्टिंग बदलायला डोमेन हलवावं लागत नाही, फक्त डीएनएसमधला (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जातं त्याची नोंदवही) ए रेकॉर्ड, म्हणजे साइटच्या पत्त्याची नोंद, नव्या सर्व्हरकडे वळवायचा. नवीन घर लागल्यावर, महिन्याभराने, डोमेन स्वतंत्र रजिस्ट्रारकडे न्या. कुलूप काढायचं, ऑथ कोड (डोमेन हलवायच्या परवानगीचा कोड) मागायचा, नव्याकडे टाकायचा, पाच-सात दिवसांत होतं. डॉट कॉमच्या ट्रान्सफरला एक वर्ष मुदतीत वाढूनच मिळतं त्यामुळे पैसे वाया जात नाहीत. मात्र नवीन घेतलेलं किंवा नुकतंच हलवलेलं डोमेन ६० दिवस परत हलवता येत नाही, आयकॅनचा, म्हणजे डोमेनचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा, नियम आहे, आणि बरेच रजिस्ट्रार मालकाचं नाव बदललं तरी तेच कुलूप लावतात.

५. शेवंता

मला कळत नाही वैयक्तिक ब्लॉगला पैसे भरायचेच कशाला. मी २००९ पासून गूगलच्या फुकट ब्लॉगरवर आहे, एक पैसा दिला नाही, एकदाही साइट बंद पाहिली नाही, पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) नाही, बॅकअप नाही, रात्रीची जागरणं नाहीत. लिहायचं आणि झोपायचं.

६. उंबरठा

शेवंता, जिओसिटीजवरच्या लोकांनाही असंच वाटायचं. १९९४ ला सुरू झालेली, फुकट पानं देणारी जागा, याहूने १९९९ मध्ये घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. माझं स्वतःचं पान तिथे होतं, परदेशी नाण्यांच्या संग्रहाचं, स्कॅनर उसना आणून एकेक नाणं स्कॅन केलेलं. बंद करणार ही सूचना आली होती, पण ज्या ईमेलवर आली तो मी केव्हाच सोडून दिला होता. फुकट जागा वाईट असं मी म्हणत नाही, पण ती बंद करायची तारीख आपण ठरवत नाही.

आणि ब्लॉगरवर मराठी शीर्षकाची लिंक बघितली आहेस का? त्याला देवनागरी कळत नाही म्हणून तो सगळ्यांना 'ब्लॉग-पोस्ट', 'ब्लॉग-पोस्ट_१२' असली नावं देतो. पुढे मागे हलवायची वेळ आली तर कुठली लिंक कुठल्या लेखाची ते जुळवताना घाम निघेल.

७. शेवंता

लिंकचं मान्य, त्यावर मी आधी इंग्रजी शीर्षक टाकून लेख प्रसिद्ध करते आणि मग मराठी करते, लिंक पहिलीच राहते. ब्लॉगरवर स्वतःचं डोमेन लावता येतं, सगळ्या लेखांची एक फाइलही उतरवून घेता येते. मी दर वर्षअखेरीला घेते.

पण उंबरठा, दुसरी बाजूही बघा ना. माझ्या ओळखीत एक ज्येष्ठ गृहस्थ फार सुंदर लिहायचे, स्वतःच्या पैशाच्या होस्टिंगवर. ते गेले. घरच्यांना पासवर्ड माहीत नव्हता, कार्ड बंद झालं, दोन महिन्यांत ब्लॉग नाहीसा. त्यांच्याच वेळचे ब्लॉगरवर लिहिणारे दुसरे एक जण वारलेत, त्यांचं सगळं लिखाण अजून जसंच्या तसं आहे. पैसे भरणारा माणूस गेल्यावर काय, याचं उत्तर पैशाच्या होस्टिंगवाल्यांनी मला द्यावं.

८. काळा_फळा

+१, शेवंताताईंचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. माझ्यापुरतं मी असं केलंय की डोमेन एकदम दहा वर्षांचं भरून टाकलं (डॉट कॉमला तेवढंच जास्तीत जास्त भरता येतं) आणि मुलीला सगळे पासवर्ड कुठे आहेत ते दाखवून ठेवलंय. शिवाय दर नव्या लेखाची लिंक इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर स्वतः जतन करतो. पत्ता टाकला, बटण दाबलं, मिनिटाभरात प्रत तयार. मृगनक्षत्र, तुमचं तारे मंदावण्याचं पान आजच तिथे टाका, हलवाहलवी नंतर.

९. मृगनक्षत्र

टाकलं. २०२१ ची एक प्रत आधीच होती तिथे, पण तिच्यात प्रतिक्रियांचं पहिलंच पान आलंय, दुसरं नाही. आता दोन्ही पानांची वेगवेगळी जतन केली. धन्यवाद काळा_फळा, हे डोक्यातच आलं नव्हतं.

१०. अडाणी_आज्ञावली

स्टॅटिक करा, म्हणजे आधीच बनवून ठेवलेली तयार पानं. ह्यूगो किंवा जेकिल, ती पानं बनवणारे प्रोग्रॅम. डेटाबेस नाही, पीएचपी नाही, हॅक होण्यासारखं काही नाही, सगळा ब्लॉग म्हणजे एका फोल्डरमधल्या साध्या फाइली. कुठल्याही होस्टिंगवर कॉपी केलं की झालं, पुन्हा हा धागा काढायची वेळ येणार नाही.

११. मृगनक्षत्र

अडाणी_आज्ञावली, मोह होतो खरा. पण मी अर्ध्याअधिक नोंदी मैदानात दुर्बिणीजवळ उभं राहून फोनवरून टाकतो, लाल दिव्यात. तिथे फाइल बनवून साइट बिल्ड करणं जमणार नाही. आणि स्टॅटिकमध्ये प्रतिक्रियांसाठी दुसऱ्याच कोणाची तरी सेवा जोडावी लागते, म्हणजे मला जी गोष्ट सांभाळायचीय तीच पुन्हा दुसऱ्याच्या हातात.

१२. अडाणी_आज्ञावली

मग वर्डप्रेसच ठेवा. प्रतिक्रिया हाच जीव असेल तर स्टॅटिक तुमच्यासाठी नाही, माझी सूचना मागे.

१३. कीबोर्डकर

पहिल्या प्रश्नाबद्दल. दीड-दोनशे वाचकांना चांगलं शेअर्ड होस्टिंग भरपूर होतं. व्हीपीएस मी तीन वर्षं चालवलं. वेग उत्तम, पण सर्व्हरचे अपडेट, फायरवॉल, बॅकअप सगळं आपल्या गळ्यात. एकदा गावाला असताना लॉगच्या फाइली वाढत वाढत डिस्क भरली, डेटाबेस बंद, आणि मी फोनच्या चार इंची पडद्यावर काळ्या खिडकीत फाइली शोधून उडवत बसलो. ज्याला ते करायची आवड आहे त्याने घ्यावं.

शेअर्ड घेताना पहिल्या वर्षाचा भाव बघू नका, रिन्यूअलचा बघा, तो पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असतो. दुसरं म्हणजे 'अनलिमिटेड' जागा लिहिलेली असली तरी फाइलींच्या संख्येवर मर्यादा असते, तिला आयनोड म्हणतात, ती विचारून घ्या. तुमच्या बाबतीत हे महत्त्वाचं आहे कारण तुम्ही फोटोवाले. वर्डप्रेस प्रत्येक फोटोच्या चार-सहा वेगवेगळ्या मापांच्या प्रती करून ठेवतं, ५.३ आवृत्तीपासून तर १५३६ आणि २०४८ पिक्सेलच्याही. तीन हजार फोटो म्हणजे वीस हजार फाइली बघता बघता होतात. एसएसएच (सर्व्हरला थेट आज्ञा देण्याची सोय) मिळतं का आणि बॅकअप आपल्याला स्वतः उतरवता येतो का तेही विचारा. आणि पैसे भरायच्या आधी सपोर्टला रात्री अकरा वाजता एक खराखुरा तांत्रिक प्रश्न पाठवून बघा, कंपनी कशी आहे ते त्या एका उत्तरात कळतं.

१४. मधुमालती

वर्डप्रेसच्या टूल्समधून एक्सपोर्ट करून नव्या जागी इम्पोर्ट केलं की काम होतं ना? मी तसंच केलं होतं, सोपं आहे.

१५. कीबोर्डकर

मधुमालती, छोट्या ब्लॉगला चालतं. पण त्या फाइलीत फोटो नसतात, फक्त फोटोंचे पत्ते असतात. इम्पोर्ट करताना तो जुन्या साइटवरून एकेक फोटो ओढून आणतो, म्हणजे जुनी साइट जिवंत हवी आणि ती यांच्यासारखी रखडत असेल तर अर्धे फोटो येतच नाहीत. थीमची सेटिंग्ज, विजेट, प्लगिनचा डेटा हेही त्यात नसतं. तुमचे जुने फोटो सगळे दिसतात का एकदा बघा.

१६. मधुमालती

अरे देवा. २०१६ च्या आधीचा एकही फोटो दिसत नाहीये!! दोन वर्षं झाली हलवून, माझ्या लक्षातच आलं नाही. जुनं खातं तर कधीच बंद केलं.

१७. काळा_फळा

मधुमालतीताई, वेबॅक मशीनमध्ये तुमचा जुना पत्ता टाकून बघा, बऱ्याचदा फोटोही मिळतात. जमलं नाही तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बसून शोधू.

१८. गवतफूल

आता मराठी अक्षरांबद्दल मी सांगते, कारण माझ्यावर ते सगळं गुदरलंय.

माझा ब्लॉग २००६ चा. तीन वर्षांपूर्वी हलवला. नव्या जागी साइट उघडली तर सगळे लेख चित्रविचित्र चिन्हांचे, 'क' च्या जागी तीन चिन्हं, 'म' च्या जागी तीन चिन्हं, कुठे डोक्यावर टोपी घातलेला इंग्रजी ए, कुठे पाउंडाची खूण. सोळा वर्षांचं लिखाण आणि एक शब्द वाचता येईना. मी रडले अक्षरशः. सपोर्टवाला म्हणाला, तुमचा फॉन्ट इन्स्टॉल नाहीये. फॉन्टचा काही संबंधच नव्हता!

झालं असं होतं की वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलीत डेटाबेसचा कॅरेक्टर सेट (अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवायची ते) लिहायची सोय २००७ च्या २.२ आवृत्तीत आली, माझा ब्लॉग त्याच्या आधीचा. टेबलं लॅटिन१ ची (फक्त युरोपीय अक्षरांची पद्धत) आणि आत भरलेलं मराठी यूटीएफ-८ मधलं (सगळ्या लिपींची पद्धत). जुन्या जागी दोघांचं कसंबसं जुळून चाललं होतं. नव्या जागी कॉन्फिगमध्ये यूटीएफ-८ लिहिलेलं होतं त्यामुळे डेटाबेसने माझ्या अक्षरांचं पुन्हा एकदा भाषांतर केलं. मी कॉन्फिगमध्ये लॅटिन१ लिहिलं आणि पान रिफ्रेश केलं, सगळं मराठी परत! तो क्षण मी विसरणार नाही.

१९. कीबोर्डकर

गवतफूल, अगदी बरोबर निदान. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, काना-मात्राही वेगळ्या तीन बाइटची. ते बाइट लॅटिन१ समजून वाचले की एका अक्षराची तीन चिन्हं दिसतात, म्हणून तुमचा 'क' तीन ठिकाणी फुटला. पण लॅटिन१ लिहिणं ही तात्पुरती मलमपट्टी आहे. कायमचं करायचं तर डेटाबेस लॅटिन१ म्हणून डंप करा (सगळा डेटा एका फाइलीत उतरवा), त्या फाइलीत जिथे लॅटिन१ लिहिलंय तिथे यूटीएफ८एमबी४ करा आणि नव्या रिकाम्या डेटाबेसात भरा. हे सगळं प्रतीवर करायचं, मूळ डेटाबेसला हात न लावता.

हे एमबी४ काय तर मायएसक्यूएल या वर्डप्रेसच्या डेटाबेसचं नुसतं 'यूटीएफ८' तीन बाइटपर्यंतच जातं. मराठी त्यात मावतं पण इमोजी चार बाइटची, ती मावत नाही आणि कित्येकदा इमोजीपासून पुढचा सगळा मजकूर कापला जातो. वर्डप्रेसने २०१५ मध्ये ४.२ पासून एमबी४ घेतलं.

आणखी एक मराठी गोष्ट, लिंकची. वर्डप्रेसच्या डेटाबेसात लेखाच्या लिंकला २०० अक्षरांची जागा आहे आणि देवनागरीचं एक चिन्ह तिथे टक्केवारीच्या खुणा धरून नऊ अक्षरं खातं. म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम २२ चिन्हं. म्हणून मराठी लिंका मध्येच तुटलेल्या दिसतात. हलवताना त्या तुटलेल्या आहेत तशाच राहिल्या पाहिजेत, कोणी 'दुरुस्त' केल्या की बाहेरून आलेला वाचक रिकाम्या पानावर आपटतो.

२०. मृगनक्षत्र

अच्छा, म्हणून होय! माझ्या त्या लेखाचं शीर्षक 'काक्षी अंधारतोय: रोजच्या नोंदी इथे लिहा' असं आहे आणि लिंक 'काक्षी-अंधारतोय-रोजच्या' इथेच संपते. इतकी वर्षं मला वाटायचं मीच काहीतरी चुकीचं टाइप केलं.

२१. खटपट्या

बॅकअपवरून आठवलं. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं डेटा सेंटर जळलं, एक पूर्ण इमारत गेली. ज्यांचा बॅकअपही तिथेच होता त्यांच्यातल्या कित्येकांचं सगळंच गेलं. बॅकअप दुसऱ्या छपराखाली पाहिजे. आणि महिन्यातून एकदा तो उघडून बघायला पाहिजे, आपल्या कॉम्प्युटरवर वर्डप्रेस टाकून त्यात भरून. न उघडलेला बॅकअप मी धरतच नाही.

२२. पायवाट

प्रत्यक्ष हलवायच्या दिवसाबद्दल. डीएनएसमध्ये टीटीएल म्हणून आकडा असतो, जगभरचे सर्व्हर तुमचा पत्ता किती सेकंद लक्षात ठेवतात तो. १४४०० असेल तर चार तास, ८६४०० असेल तर पूर्ण दिवस. हलवायच्या दोन दिवस आधी तो ३०० करा, म्हणजे बदल बहुतेकांकडे पाच-दहा मिनिटांत पोचतो. आयत्या वेळी कमी करून उपयोग नाही, जुना आकडा लोकांकडे आधीच साठलेला असतो.

पत्ता वळवायच्या आधी नवीन साइट बघायची असेल तर आपल्या कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलीत डोमेन आणि नव्या सर्व्हरचा आयपी लिहायचा. तुम्हाला नवीन साइट दिसते, बाकी सगळ्यांना जुनीच. सावकाश सगळे लेख चाळा. बघून झालं की ती ओळ आठवणीने काढा.

ज्या रात्री हलवाल तेव्हा जुन्या साइटवर प्रतिक्रिया बंद करा, मग शेवटचा डंप घ्या. नाहीतर डंप घेतल्यानंतर कोणी जुन्या साइटवर लिहिलेलं तिथेच राहतं.

२३. उंबरठा

ईमेल! डोमेनवरचा ईमेल वापरत असाल तर एमएक्स रेकॉर्ड (ईमेल कुठे पोचवायचा ती डीएनएसमधली नोंद) विसरू नका. मी नेमसर्व्हरच (डीएनएसची नोंदवही ठेवणारे सर्व्हर) बदलले आणि नव्या जागी एमएक्स टाकलेच नाहीत, सहा दिवस एकही ईमेल आला नाही, मला वाटलं सुट्ट्यांमुळे सगळे शांत आहेत. जुन्या खात्यातले ईमेलही खातं बंद व्हायच्या आत थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये उतरवून घ्या.

२४. मृगनक्षत्र

सगळ्यांचं वाचून डायरीत उतरवून घेतलंय. शेअर्डच घेतलं, दुसऱ्या कंपनीचं, रात्री अकराला प्रश्न पाठवून मगच (वीस मिनिटांत नीट उत्तर आलं). डोमेन माझ्याच नावावर आहे, ईमेल मात्र त्याच डोमेनवरचा होता, बदलला. अमावास्येच्या आसपास मी बाहेर असतो, त्यामुळे पौर्णिमेच्या रात्री हलवणार. तशीही त्या रात्री आकाशात काही दिसत नाही.

२५. मृगनक्षत्र

मंडळी, मदत. पौर्णिमेला अजून चार दिवस आहेत, आज होस्ट्स फाइलीतून नवीन साइट बघत होतो. पहिल्यांदा पूर्ण पांढरं पान. ते शोधलं, कॅशच्या प्लगिनची एक फाइल जुन्या सर्व्हरचा रस्ता धरून बसली होती, ती काढली. मग साइट उघडली तर सगळ्या लेखांत फक्त प्रश्नचिन्हं! गवतफूल यांच्यासारखी चिन्हं नाहीत, नुसती प्रश्नचिन्हं. शीर्षक प्रश्नचिन्हं, मजकूर प्रश्नचिन्हं, प्रतिक्रियांमध्ये फक्त १.३, १.४, १.५ असे आकडे तेवढे दिसतायत. मी गवतफूल यांनी सांगितलं तसं कॉन्फिगमध्ये लॅटिन१ लिहिलं होतं.

२६. कीबोर्डकर

हात काढा कीबोर्डवरून. कुठलाही लेख उघडून सेव्ह करू नका.

आता पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये जाऊन, म्हणजे डेटाबेस थेट बघायच्या साधनात, लेखांचं टेबल उघडा. तिथे मराठी नीट दिसतंय का? टेबलाचा कॅरेक्टर सेट काय लिहिलाय?

२७. मृगनक्षत्र

तिथे मराठी स्वच्छ दिसतंय. यूटीएफ८एमबी४.

२८. कीबोर्डकर

मग डेटा शाबूत आहे. गवतफूल यांची टेबलं लॅटिन१ ची होती, तुमची आधीपासूनच बरोबर आहेत. तुम्ही लॅटिन१ लिहिल्यामुळे डेटाबेसला वाटलं समोरच्याला लॅटिन१ हवंय, त्यात देवनागरी बसत नाही म्हणून तो प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह देतोय. कॉन्फिगमध्ये यूटीएफ८एमबी४ करा.

चित्रविचित्र चिन्हं दिसली तर बहुतेक वेळा परत फिरता येतं कारण बाइट जिवंत असतात. प्रश्नचिन्हं नुसती दाखवण्यापुरती असतील तर ठीक, पण एकदा ती डेटाबेसात लिहिली गेली की मूळ अक्षर संपलं. म्हणून सेव्ह करू नका म्हटलं.

२९. मृगनक्षत्र

आलं!! सगळं मराठी आलं. पण एक लेख मी मघाशी उघडून सेव्ह केला होता, काय होतं बघावं म्हणून. तो खरोखर प्रश्नचिन्हांचा झालाय.

३०. खटपट्या

डंप आहे ना तुझ्याकडे? नवा डेटाबेस पूर्ण रिकामा कर आणि परत भर. जुनी साइट चालू आहे, काही गेलेलं नाही.

३१. गवतफूल

मृगनक्षत्र, माझ्यामुळे तुमचा जीव टांगणीला लागला, खरंच माफ करा. माझा ब्लॉग २००६ चा म्हणून तसं होतं हे मी ठळक लिहायला हवं होतं.

३२. मृगनक्षत्र

गवतफूल, तुमचा काय दोष, तुम्ही वर्ष लिहिलं होतं, मीच ते न जुळवता घेतलं. परत भरला, तो लेखही नीट आहे आता.

३३. शेवंता

वाचतेय श्वास रोखून. माझा ब्लॉगर बरा :)

३४. मृगनक्षत्र

झालं मंडळी. काल रात्री ११ ला प्रतिक्रिया बंद केल्या, शेवटचा डंप, नव्या जागी भरला, फोटो आरसिंकने (बदललेल्या फाइली तेवढ्याच नेणारा प्रोग्रॅम) आधीच नेले होते त्यामुळे फक्त शेवटचे चार-पाच गेले. ११:४० ला ए रेकॉर्ड बदलला. साइट सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट लगेच मिळेना, ते फुकट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टला डोमेन नव्या सर्व्हरकडे वळलेलं दिसेपर्यंत थांबावं लागलं, ती वीस मिनिटं ब्राउझर 'सुरक्षित नाही' म्हणत होता. सव्वाबाराला कुलूप दिसलं. डॅशबोर्ड आता दोन सेकंदांत उघडतो.

दोन गोष्टी राहिल्या होत्या. जुनी थीम नव्या पीएचपी ८ वर एका पानावर अडली, जुनं फंक्शन काढून टाकलंय म्हणे, तेवढं बदललं. आणि तीन प्रतिक्रिया, त्या मी शनिवारी चाचणीच्या डंपनंतर आल्या समजून हाताने उतरवायला बसलो तर शेवटच्या डंपात त्या आधीच होत्या. मग प्रतिक्रियांची संख्या दोन्हीकडे मोजली. जुन्या डेटाबेसात ४३१८, नव्यात ४३१८.

३५. गवतफूल

मी आत्ता माझ्या जुन्या बुकमार्कमधून उघडलं, 'काक्षी-अंधारतोय-रोजच्या'. उघडलं. दोन्ही पानं आहेत. ८३. माझी ९ फेब्रुवारीची नोंद पण आहे, "ढग होते, अंदाजे १.६, रोहिणीपेक्षा नक्की मंद".

३६. मधुमालती

काळा_फळांनी माझे १४० फोटो शोधून दिले. अजून साठेक राहिलेत.

३७. पायवाट

मृगनक्षत्र, टीटीएल परत वाढवा, ३०० वर ठेवायची गरज नाही आता. आणि सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, ऑटो-रिन्यू चालू आहे का बघून ठेवा.

३८. मृगनक्षत्र

टीटीएल वाढवला. ऑटो-रिन्यू चालू आहे. जुनं खातं मुदत संपेपर्यंत, अजून १९ दिवस, तसंच ठेवतोय. डोमेन पुढच्या महिन्यात हलवीन, तेव्हा ऑथ कोड मिळाला नाही तर याच धाग्यावर येतो.